शोभनाकाकूंची भिशी

शोभनाकाकू मूळच्या नागपूरच्या. नवऱ्याच्या, गुरुनाथच्या नोकरीमागे अमेरिकेत आल्या. व्हिसामुळे पहिली काही वर्षं त्यांना नोकरी करता येईना, आणि स्वतःच्या नावावर साधं क्रेडिट कार्डही नव्हतं. त्या काळात त्यांच्या गावातल्या, मॉरिसव्हिलमधल्या चारचौघी जमवून त्यांनी भिशी सुरू केली. दर महिन्याला प्रत्येकीने ठरलेली रक्कम द्यायची आणि जिचा नंबर लागेल तिने सगळी उचलायची. कुणी त्यातून लायसन्सच्या परीक्षेची फी भरली, कुणी आईच्या ऑपरेशनला पैसे पाठवले.

पुढे सगळ्यांच्या फोनमध्ये बँकेची ॲप्स आली. बायका काकूंच्या खात्यात फोनवरूनच पैसे टाकू लागल्या. काकू मात्र बँकेत जाऊन रोख काढत आणि जिचा नंबर असेल तिला घरी बोलावून लिफाफा हातात देत.

त्यांची लेक इला दूर चँडलर शहरात इंजिनिअर आहे. ती चिडायची. "आई, who even uses cash?"

"ॲपवर नुसता आकडा वाढतो गं," काकू म्हणायच्या. "हातात घेतले की वाटतं, हे आपले."

गेल्या एप्रिलात नंबर भिशीतल्या कादंबरीचा होता. ती नवऱ्यापासून नुकतीच वेगळी झाली होती आणि तिला अपार्टमेंटचं डिपॉझिट भरायचं होतं. शुक्रवारी सकाळी काकू बँकेतून लिफाफा हातात घेऊनच बाहेर पडल्या. गाडीत बसल्यावर त्यांनी तो पर्समध्ये टाकला आणि पर्स गळ्यात तिरकी अडकवली. बँकेच्या पार्किंगमध्ये एक माणूस करड्या गाडीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवून होता. तो काकूंच्या मागे निघाला. वाटेत त्या कोथिंबीर घ्यायला इंडियन स्टोअरमध्ये थांबल्या, तेव्हा तोही थांबला. त्यांना याचा पत्ताच नव्हता.

गाडी गराजमध्ये घालून त्या उतरल्या आणि त्यांनी दार खाली सोडलं. खाली येणाऱ्या दारातून वाकून तो आत आला, आणि सेन्सरमुळे दार पुन्हा वर गेलं.

"पर्स!" तो ओरडला. त्याच्या हातात पिस्तूल होतं.

काकू देणारच होत्या. पण पट्टा डोक्यावरून काढायला त्यांनी हात वर नेला आणि त्याने पिस्तुलाचा दस्ता त्यांच्या तोंडावर हाणला. दोन दात तुटले. काकू खाली पडल्या. त्याने पर्स ओढली, पट्टा तुटेना, म्हणून त्याने काकूंनाच सिमेंटवरून फरफटत नेलं. उजवा खांदा निखळला. त्यांनी आधारासाठी गाडीचं चाक धरलं, तर त्याने बोटांवर बूट ठेवून दाबला. हाडं मोडल्याचा आवाज काकूंनी स्वतःच्या कानांनी ऐकला.

मग पट्टा कापायला चाकू काढावा म्हणून त्याने पिस्तूल कमरेला खोचलं आणि तो वाकला.

घरात वास नको म्हणून काकू तळण-भाजण गराजमधल्या शेगडीवर करत. त्या शेगडीच्या पायाशी, काकूंच्या हाताशीच, जाड लोखंडी तवा टेकवून ठेवलेला होता. डाव्या हाताने त्यांनी तो उचलला आणि त्याच्या कानशिलावर मारला. तो गुडघ्यांवर आला. दुसरा फटका जबड्यावर बसला. तो आडवा झाला, पिस्तूल घरंगळत गाडीखाली गेलं.

काकू उठून बसल्या आणि त्यांनी पुन्हा मारलं. त्याने हात तोंडावर घेतले, त्यांनी हातांवर मारलं. हात बाजूला पडले, तेव्हा डोळ्यावर मारलं. त्यांच्या तोंडातलं रक्त त्याच्या शर्टावर सांडत होतं. समोरच्या घरातला म्हातारा शेजारी धावत आला. "Ma'am, stop! He's done! Stop!" काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि आणखी एकदा मारलं. मग शेजाऱ्याने तवा हिसकावून घेतला.

पोलीस आले, दोन ॲम्ब्युलन्स आल्या. त्या माणसाचा जबडा मोडला होता आणि एक डोळा कायमचा गेला. काकूंच्या खांद्याचं आणि बोटांचं ऑपरेशन झालं. घरात घुसलेल्या हत्यारबंद माणसापासून स्वतःला वाचवलं म्हणून त्यांच्यावर केस झाली नाही. डिटेक्टिव्ह बाईने तर त्यांची पाठ थोपटली. तिथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी सत्कार करायचं ठरवलं. "आमच्या काकू म्हणजे वाघीण आहेत यार!" असे मेसेज फिरू लागले.

काकूंनी सत्काराला साफ नकार दिला. गुरुनाथने विचारलं, "का गं? लोक प्रेमाने म्हणतायत."

"तो पडला होता ना, तेव्हाच थांबता आलं असतं," काकू म्हणाल्या. "मला थांबायचं नव्हतं. मला बरं वाटत होतं, मारताना."

गुरुनाथ म्हणाला, "तुझे दात पाडले होते त्याने."

"म्हणून तर बरं वाटत होतं."

लिफाफा पुरावा म्हणून पोलिसांकडेच राहिला. भिशीतल्या बायकांनी काकूंना न विचारता पुन्हा पैसे गोळा केले आणि थेट कादंबरीच्या खात्यात टाकले. ती दवाखान्यात येऊन काकूंच्या पायाशी बसून रडली. "माझ्यामुळे झालं हे, काकू."

"वेडी आहेस का? घर बघितलंस की नाही आधी सांग."

त्या माणसाने गुन्हा कबूल केला. शिक्षेच्या दिवशी जजने काकूंना बोलायचं आहे का विचारलं. काकू उभ्या राहिल्या. आपल्या तोडक्यामोडक्या, पण स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "याने जे केलं त्याची शिक्षा याला द्या. मला अजून केसांत कंगवा फिरवता येत नाही. पण सुरुवातीचे फटके मी जीव वाचवायला मारले, आणि नंतरचे रागाने. ते मी इथे सांगितलं नाही, तर मला घरी जाता येणार नाही." त्याने उरलेल्या डोळ्याने वर पाहिलं आणि मान खाली घातली. जजने त्याला अनेक वर्षांची कैद दिली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये त्याची बहीण आली. तिने काकूंची कॉलर धरून त्यांना भिंतीवर आपटलं. निखळलेला तोच खांदा. "You took his eye! And you liked it!" इला किंचाळली, गुरुनाथ मध्ये पडला. काकूंच्या डाव्या हाताची मूठ वळली होती. ती त्यांनी कोटाच्या खिशात घातली आणि तशीच ठेवली.

सिक्युरिटीवाल्याने बहिणीला ओढून बाजूला केलं. "तक्रार करायची आहे का, मॅम?"

"नाही," काकू म्हणाल्या. "तिला पाणी द्या."

इला गाडीपर्यंत रागाने धुसफुसत होती. "आई, she attacked you!" काकू गाडीत बसल्या. दुखऱ्या खांद्यावरून सीट बेल्ट ओढता येईना, तेव्हा त्यांनी गुरुनाथला लावून द्यायला सांगितला.