जांभ्यावरची वडी

त्याचा हात चांगला होता, हे मी आजही मान्य करतो. भाट्याच्या किनाऱ्यावर, वाळूत ओढलेल्या लाकडी मचव्यांच्या फळ्यांमधल्या फटी तो बुजवायचा. उकळत्या राळेत शिंपल्यांचा चुना, तेल आणि कुटलेला काथ्या घालायचा. मग त्यातली एक वडी थंड करून जांभ्या दगडावर आपटायचा. फुटली, की घाणा पुन्हा चुलीवर. “कडक राळ लाटेनं तडकते. चिवट पायजे,” म्हणायचा.

एकदा त्याच्या भावाचा मचवा आला. वाटणीपासून दोघं बोलत नव्हते. वडी आपटली, ती फुटली. त्यानं तुकडे पायानं वाळूत लोटले आणि तीच राळ भरायला घेतली.

“फुटली ना?” मी विचारलं.

“त्याला एवढी पुरे.”

तेवढ्यात भावाची बायको चहा घेऊन आली. त्यानं तो चवीनं प्यायला.

“वयनी, आणखी घोटभर द्या.”