गेटवरची झडती

"झटक."

टोमॅटोच्या शेडच्या गेटवर मालकाचा भाचा खुर्ची टाकून बसलेला. मोबाईलमधून मान वर न काढता बोलला. आमी बाया ओळीनं उभ्या. दिवसभर माल निवडून, क्रेट भरून कंबरडं मोडलेलं. सुट्टी झाली की एकेकीनं त्याच्यासमोर जायचं, पदर खांद्यावरनं काढायचा, झटकायचा, पिशवी उलटी करायची, मग घरी. का, तर बाया माल चोरतात! समोर टेम्पोवाले बिड्या फुकत उभे. त्यांच्याकडं पाठ केली तर भाचा म्हणायचा, "इकडं तोंड कर. दिसलं पायजे."

मी झटकला. पिशवी उलटी केली. टोमॅटो घरंगळले.

ते शेडमधले नव्हते. माझ्यासंगं निवडायला बसणारी इंदूताई बोरी गावची. तिनं सकाळी तिच्या वावरातनं वानोळा आणला व्हता. आमच्याकडं रीतच हाये, रानात काय पिकलं की चार घरी द्यायचं. मी आणे गावाकडच्या पठारावरची, मेंढरामागं हिंडणाऱ्या घरातली. आमची गाय व्याली की चीक आधी शेजारी जातो, मग आमच्या चुलीवर. दिल्या वानोळ्याला न्हाई म्हणायचं नसतं. टोमॅटोच्या शेडमदी टोमॅटो द्यायचे-घ्यायचे नसतात, हे दोघींच्याबी डोक्यात आलं न्हाई. तिनं दिलं, मी घेतलं. माणसं अशीच वागतात की!

भाचा उठला. "हे काय?"

"वानोळा हाय."

"ऐकलं का राव?" तो टेम्पोवाल्यांकडं बघून हसला. "वानोळा म्हणं! मेंढरामागची माणसं ही. दिसल ते चरणारच."

टेम्पोवालेबी हसले. इंदूताई पुढं आली. "मपल्या वावरातले हायेत, भाऊ. मीच दिलेत."

"तू गप. तुझाबी पदर बघायचाय अजून." मग माझ्याकडं वळला. "उचल. एकेक उचल आन् क्रेटमदी टाक. आन् मोठ्यानं म्हण, परत चोरी करणार न्हाई."

मी खाली बसले. उचलले. म्हणले.

माझ्याच तोंडानं म्हणले.

वाटेत इंदूताई रडत व्हती. मला रडू येईना. अंगाची नुसती आग व्हत व्हती. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे ना. शिव्या काय अंगाला चिकटतात व्हय?"

"चिकटतात," मी म्हणले. "तुला कुणी भर बाजारात सदरा काढाय लावू दे, मग सांग."

तो जेवाय बसला. मी भाकरी तशीच ठेवली. सारखं मनात येत व्हतं, नव्या बाया आल्या की शिकवायला मी. गाडी लवकर भरायची आसली की निरोप मला. मालक दसऱ्याला पेढा देताना म्हणणार, तुमी आमच्या घरची माणसं. घरच्या बाईचा पदर कोण झटकाय लावतं का रं? मालकाचे पावणे येतात, गाडीत क्रेटच्या क्रेट घालून जातात. त्यांच्यासाठी हाच भाचा पळत जाऊन गेट उघडतो.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. हात माल निवडत व्हते, जीव सगळा गेटापाशी. कवा एकदा सुट्टी व्हती आसं झालं, आन् व्हऊ नये आसंबी.

माझी पाळी आली.

"झटक."

"न्हाई झटकणार."

त्यानं मान वर काढली. मला वाटतं, पयल्यांदाच माझं तोंड नीट बघितलं. "काय म्हणलीस?"

"झडती घ्यायची तर सगळ्यांची घ्या. मालकाच्या पावण्यांची गाडी उघडा, तुमच्या गाडीची डिकी उघडा. बाईची झडती बाईनं घ्यायची, आडोशाला. हितं टेम्पोवाल्यांफुडं पदर काढायचा न्हाई."

मागनं एक बाई हळूच बोलली, "अगं झटक ना बाई, कशाला उगा!" तिला दोष देत न्हाई. भीती मलाबी लई व्हती.

"उद्यापासनं यायचं न्हाई," भाचा ओरडला.

"येणार," मी म्हणले. "कामाला येणार. चोर म्हणून घ्यायला न्हाई."

पदर कमरेला खोचला आन् त्याच्या खुर्चीला वळसा घालून भायेर पडले. मागं वळून बघितलं तर इंदूताईनंबी पदर खोचला व्हता. बाकीच्या झटकत व्हत्या.

उद्या जाणार हाये. गेट लावलं तर गेटासमोर बसणार. रोज बसणार. येणारी-जाणारी प्रत्येक बाई मला बघल. काम गेलं तर खुरपायला जाईन, मेंढरामागं जाईन. पर ज्यानं माझ्या तोंडून मला चोर म्हणवलं, त्यानं त्याच टेम्पोवाल्यांफुडं उभं राहून म्हणायचं, ही बाई चोर न्हाई. मोठ्यानं म्हणायचं. तवर मी उठत नसते.