नेद्याल्काबाईंनी लावलेली रांग

नेद्याल्का कालचेवा बाल्कन पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात संगणक शिकवायला आल्या, तेव्हा शाळेत संगणक नव्हता. त्याआधी त्या एका कारखान्यात प्रोग्रॅम लिहायच्या. सरकार बदललं आणि कारखाना बंद पडला. तिथे आता सोफे विकतात. शाळेत पुढे संगणक आले, बाई मात्र फळ्यावरच शिकवत राहिल्या, कारण वीज जायची.

मे महिन्यात, लिपीचा सण असलेल्या अक्षरदिनाला, सगळी शाळा उंचीप्रमाणे रांगेत चौकापर्यंत जायची. ही रांग लावायचा मान कसरतीचे मास्तर मेतोदी यांचा. ते एकेक मूल धरून रांगेभर हिंडवत आणि बसेल तिथे खोचत. तोवर बँडवाल्यांची कॉफी पिऊन व्हायची, पुन्हा मागवून व्हायची.

त्या वर्षी मास्तरांचा घसा बसला. मुख्याध्यापिका नेद्याल्काबाईंना म्हणाल्या, "तुम्हीच बघा आता. पण पोरं आहेत हं ती, आकडे नाहीत."

बाई पायरीवर चढल्या. "अर्धे इकडे, अर्धे तिकडे." मग त्या अर्ध्यांचेही अर्धे. मग त्यांचेही.

गळ्याला मफलर गुंडाळलेले मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "रांग लावताय की पांगवताय?"

"पांगवतेय."

शेवटी अंगणात प्रत्येक मूल एकेकटं उभं राहिलं.

"झालं. एकट्याची रांग चुकत नाही," बाई म्हणाल्या. "आता शेजारच्याला बोलवा. बुटका पुढे."

अंगणभर एकदम जोड्या लागल्या. मग दोन-दोन जोड्या समोरासमोर आल्या. दोन्हीकडच्या फक्त पहिल्यांनी पाठीला पाठ लावायची, बुटक्याने निघून नव्या रांगेत जायचं, त्याच्या मागच्याने पुढे सरकायचं.

"आणि मागचे? त्यांच्याकडे बघायचंच नाही?" मास्तर.

"कशाला? ते पुढच्याहून उंच आहेत हे मघाशीच ठरलंय."

गेर्गाना आणि इस्क्रा, दोघी बरोब्बर सारख्या निघाल्या.

"सारख्या असतील तर डावीकडची आधी," बाई म्हणाल्या.

"ही मुद्दाम डावीकडे उभी राहते, बाई!" इस्क्रा म्हणाली.

"मग ती आधी."

एक गोष्ट बाई विसरल्या होत्या. दोन रांगांची एक करायची तर तेवढीच मोकळी जागा लागते. कारखान्यात संगणकातल्या अशाच जागेपायी त्यांनी वरिष्ठांशी भांडणं केली होती. इथे अंगण भरलं, रांगा फाटकाबाहेर गेल्या आणि शेजारच्या स्तोयन आजोबांच्या वाफ्यात शिरल्या.

"अहो बाई, माझा लसूण!" आजोबा खुरपं घेऊन धावत आले.

"जरा थांबा आजोबा, मध्येच सोडता येत नाही हे."

शेवटच्या दोन लांबलचक रांगा थेट चौकात जाऊन भिडल्या. नगराध्यक्ष, बँड, सगळं गाव समोर उभं. मुलं एकेक करून पाठीला पाठ लावत होती आणि निघत होती. लोकांना वाटलं, कार्यक्रमच आहे. कुणीतरी टाळी वाजवली. "कुठल्या भागातला नाच हा?" नगराध्यक्षांनी विचारलं.

बाई ओठातल्या ओठात प्रत्येक पायरी म्हणत होत्या. नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवताना म्हणायच्या तशी. कारखाना सुटल्यापासून त्यांनी लिहिलेलं काहीच कुठे चाललं नव्हतं. डावी रांग संपली, तसा उजवीकडचा एक लंबूटांग मुलगा गोंधळून म्हणाला, "आता मी कुणाशी मोजू?"

"कुणाशीच नाही. उरलेले सगळे आहात तसेच चला."

मुलं चालू लागली. बँडवाल्यांनी कॉफी अर्धी टाकून वाद्यं उचलली.

संध्याकाळी मास्तर चीज भरलेली बानित्सा घेऊन बाईंच्या घरी आले. ऊन ऊन पापुद्रे तोडत म्हणाले, "खरं सांगू? तुम्ही काहीच केलं नाहीत. सगळं पोरांनी केलं."

बाईंनी नीट विचार केला. "हो," त्या म्हणाल्या, आणि आणखी एक तुकडा घेतला.

शरदात त्या स्तोयन आजोबांकडे नवा लसूण लावून द्यायला गेल्या. आजोबांनी त्यांना खणायला दिलं, पाणी घालायला दिलं. लहान-मोठ्या पाकळ्या निवडायचं काम मात्र ते स्वतः करत बसले.