कामाचे ठिकाण

पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आपल्या बोळाचे काम धरावे, असा अर्ज नागरिकांना क्षेत्रीय कार्यालयात देता येतो. खराडीत आयटी पार्क उभे राहत होते, तेव्हा कसब्यातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी तो मला लिहायला सांगितला. पावसाळ्यात गटार तुंबून त्यांच्या घरात पाणी शिरे, आणि काका अंथरुणाला खिळलेले.

‘कामाचे ठिकाण’ या रकान्यात मी झोकात लिहिले, ‘जिथे साहेबांची गाडी आजवर वळलेली नाही, तिथे.’ कारकुनाने ते मोठ्याने वाचले. अख्खे कार्यालय हसले. मी वाकून मुजराही केला, आणि घरी येऊन काकूंना सगळा प्रयोग करून दाखवला.

“अहो, पण बोळाचं नाव लिहिलंत ना?”

“काकू, असा अर्ज कोणी विसरेल का!”

कोणी विसरले नाही. पण ठिकाणच नाही म्हणून काम अंदाजपत्रकात धरले गेले नाही. आषाढात पुन्हा पाणी शिरले. काकांची खाट विटांवर चढवताना एक टोक मी धरले होते.

पुढच्या वर्षीचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. “आपण फक्त नेऊन द्या,” म्हणाल्या. पाकीट डिंकाने घट्ट चिकटवलेले होते.