मयंकने आईला पेशंट केलं

मयंकला कुणी विचारलं, काय करतोस, तर तो म्हणतो, ‘मी हेल्थकेअरमध्ये आहे.’ ऐकणाऱ्याला वाटतं डॉक्टर असेल, निदान औषधांच्या कंपनीत तरी असेल. प्रत्यक्षात तो डॉक्टरांच्या रील काढतो. जुन्या जालन्यात आमच्या घरासमोर त्याच्या वडिलांचं, मांगीलालजींचं कापडाचं ठोक दुकान आहे आणि दुकानावरच घर. हा मुलगा शाळेत माझ्या वर्गात होता. हे मी आपणहून कुणाला सांगत नाही.

शाळेत तो हुशार नव्हता, पण मठ्ठही नव्हता. त्याला कशाचाच अभ्यास करायचा नसे आणि सगळ्यावर बोलायचं असे. वक्तृत्व स्पर्धेत दुसऱ्याने लिहून दिलेलं भाषण तो असं ठोकून द्यायचा की परीक्षक माना डोलवत आणि कप त्याच्या हातात देत. मला त्या परीक्षकांचा तेव्हाही राग यायचा. पुढे बी.कॉम. झालं, मग पुण्याला जाऊन डिजिटल मार्केटिंगचा कोर्स झाला. परत आल्यावर वडिलांनी दुकानात बसवलं, तर गिऱ्हाइकापुढे साडीची घडी मोडताना याच्या कपाळावर आठ्या. मांगीलालजींनी शेवटी नाद सोडला.

सुरुवातीला तो पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि लोकांची लग्नं काढायचा. मग त्याला डॉक्टर सापडले. आमच्या शहरात डॉक्टरांना तोटा नाही, आणि प्रत्येकाला शेजारच्या डॉक्टरची धास्ती. मयंकने ती धास्ती बरोबर हेरली. एका दातांच्या डॉक्टरला त्याने चक्क हवेत बोटं दाखवत नाचायला लावलं. नेमकी तेव्हा माझी दाढ ठणकत होती. मी लवंग धरून दिवस काढले, पण त्या नाच्याच्या खुर्चीवर बसले नाही.

नाचापर्यंत ठीक होतं, नाचणारा डॉक्टर स्वतःची शोभा करून घेतो. पण पुढे याने पेशंट धरले. ऑपरेशन होऊन घरी निघालेल्या बाईला दारात थांबवायचं, हातात गुच्छ द्यायचा आणि ‘आता मला एकदम बरं वाटतंय’ असं तिच्याकडून वदवून घ्यायचं. बिचारी खेड्यातली बाई दवाखान्यात आधीच दबलेली असते, डॉक्टरच्या माणसाला नाही कशी म्हणणार? रीलखाली ‘देवमाणूस डॉक्टर’ असं लिहिणारे निम्मे लोक मयंकचे मित्र. त्यातल्या कित्येकांनी तो डॉक्टर कधी पाहिलेलाही नसायचा. मी एकदा त्याला हे तोंडावर म्हटलं. मला चिडवायला तो मॅडम म्हणतो. हसून म्हणाला, मॅडम, याला एंगेजमेंट म्हणतात. त्याच्याकडे प्रत्येक लबाडीला एक इंग्रजी नाव तयार असतं.

त्याची खरी भरभराट झाली ती एका शुगरच्या सेंटरमुळे. सेंटरचं नाव मी लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला? चालवणाऱ्याला सगळे सोमेश्वर डॉक्टर म्हणतात. त्याच्या पाटीवर नावापेक्षा पदव्या लांब आहेत आणि त्या कसल्या, हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. थोडा उपास, एक पावडर, डब्यातून येणारं कसलंसं जेवण, आणि वचन काय तर गोळ्यांपासून कायमची सुटका. शुगरवाल्या माणसाला यापेक्षा गोड काय ऐकायचं असतं?

मयंकच्या आईला, राजकुमारीभाभींना, कितीतरी वर्षांची शुगर. भाभी धर्माच्या कडक. सूर्य मावळला की तोंडात अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही, चौविहार म्हणतात त्याला. आमच्या गल्लीचे जुने डॉक्टर बद्रीनाथ यांनी त्यांचा हा नियम कधी मोडायला लावला नाही. दिवस असतानाच्या जेवणाशी त्यांनी गोळ्या बसवून दिल्या होत्या आणि भाभींची शुगर आटोक्यात होती. घर, जैन स्थानकातलं प्रवचन, पुन्हा घर, असं त्यांचं नीट चाललं होतं. त्या मोबाइल फक्त माहेरी बोलायला वापरत.

आईचा हा नियम पाहून मयंकला कल्पना सुचली. सूर्यास्तानंतर तोंड बंद, शुगर बंद, आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं, अशी जाहिरात त्याने लिहिली. आता त्यात बोलायला कुणी साधी, घरंदाज, विश्वासाची बाई हवी होती. सेंटरच्या पेशंटांपैकी कुणाची शुगर गेली असती तर त्याने तिलाच बसवलं असतं. तशी कुणी सापडली नाही, म्हणून त्याने स्वतःच्या आईला बसवलं. भाभींनी त्या सेंटरची पायरीही चढलेली नव्हती.

‘मी गोळ्या सोडल्या आणि माझी शुगर गेली,’ एवढंच वाक्य होतं. भाभींनी विचारलं, हे तर खोटं आहे, मी कसं बोलू? मयंक म्हणाला, मम्मी, जाहिरात आहे ती, जाहिरातीत असंच बोलतात. किती दिवसांनी मुलगा आईजवळ बसला होता, पदर नीट करून देत होता, पाणी आणून देत होता. आई विरघळली आणि बोलून गेली. माझ्या मते त्या मुलाने आयुष्यात केलेलं सगळ्यात नीच काम हेच. आईला खोटं बोलायला लावलं, आणि त्यासाठी तिची माया वापरली.

रील तुफान चालली. गल्लीतल्या बायका भाभींना थांबवून विचारू लागल्या. मांगीलालजींच्या दुकानात खेड्यापाड्यांतली गिऱ्हाइकं म्हणू लागली, शेठ, शेठाणीला बघितलं मोबाइलवर. शेठ खूष. ज्या मुलाला त्यांनी वाया गेला म्हणून सोडून दिलं होतं, त्याच्या नावाने ते आता चहा पाजू लागले.

आणि भाभींनी गोळ्या घेणं बंद केलं.

रील पाहून त्यांची फसगत झाली, असं कुणी समजू नये. ती लिहिणारा त्यांच्याच पोटचा होता, तिच्यात काय आहे ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी गोळ्या सोडल्या त्या वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. घरात कुणाला पत्ता लागला नाही. वेष्टनातून गोळी काढायची, पाण्याचा पेला हातात घ्यायचा आणि गोळी मोरीत टाकायची, असं चाललं होतं. मयंक तेव्हा आणखी दवाखाने मिळवत होता. आई सारखी पाणी पिते, वाळत चालली आहे, हे एका घरात राहून त्याला दिसलं नाही.

स्थानकात अनवाणी जायची त्यांची रीत. कधीतरी तळव्यात खडा रुतला. शुगरने पायाची जाणीव आधीच बोथट झालेली, त्यांना कळलंच नाही. वास येऊ लागला तेव्हा सुनेने, अर्पिताने, पाय पाहिला आणि तिने बद्रीनाथ डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी शुगर मोजली आणि लगेच गाडी काढायला सांगितली. मोठ्या दवाखान्यात अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं काढावी लागली. बाकीचं पाऊल राहील की नाही, हे तेव्हा कुणी सांगत नव्हतं.

मी भेटायला गेले. भाभी एकट्या होत्या. मी रागाने विचारलं, अहो, तुम्ही कशाला सोडल्या गोळ्या? त्या छताकडे पाहत म्हणाल्या, “बाई, एवढ्या लोकांसमोर बोलून बसले. बोललेलं खोटं ठरू नये म्हणून सोडल्या.”

खोटं परत घेता येत नाही, मग ते खरं करून टाकू, असा सरळ हिशोब या बाईने केला होता आणि स्वतःच्या पायाने तो पुरा केला होता. तिचा मुलगा रोज सकाळी उठून चहाबरोबर खोटं बोलतो, आणि त्याला ढेकरसुद्धा येत नाही.

मयंक रडला. रडणं खरं होतं, एवढं मी मान्य करते. पण डोळे पुसून झाल्यावर मी त्याला म्हटलं, आता ती रील काढून टाक, तर तो बाहेरच्या बाकावर सरकून बसला. म्हणाला, “मॅडम, ती माझ्या पेजवर नाही, क्लायंटच्या पेजवर आहे. आणि आत्ता काढली तर लोक विचारतील ना, का काढली.” आई आत पडलेली, आणि याला लोकांच्या प्रश्नाची भीती. सोमेश्वर डॉक्टरने तर कमालच केली. त्याने भाभींना फळांची टोपली पाठवली, वर चिकू आणि खाली द्राक्षं. शुगरच्या डॉक्टरने! मांगीलालजीही गप्प. दुकानाची अब्रू, मुलाचं नाव, सगळं सांभाळायचं होतं. पाय सांभाळायचा काय तो भाभींनी.

पाऊल वाचलं. भाभी घरी आल्या. रील चालूच होती.

एका दुपारी मी त्यांच्यापाशी बसले होते. हसनाबादच्या कडूबाई आणि त्यांची सून मोनिका लग्नाचा बस्ता बांधायला दुकानात आल्या होत्या. दीर-भावांची मेंढरं, थोडी शेती, असं त्यांचं घर. प्रत्येक लग्नाचं कापड ते मांगीलालजींकडूनच नेतात. शेठाणीला बघायचंच म्हणून कडूबाई सुनेला घेऊन जिना चढून वर आल्या. मयंक दाराशी उभा होता. भाभींच्या पायांवर चादर होती, त्यामुळे आलेल्या बाईला काही कळलं नाही. त्यांनी भाभींचा हात हातात घेतला.

“माय, तुमाला मोबाइलवर बगितलं आन् लई हिंमत आली. म्याबी सोडल्या गोळ्या. ही सून नको म्हनून राह्यली. म्या म्हनलं, दुसरं कुनी असतं तर न्हाई ऐकलं असतं, शेठाणी काई खोटं बोलायची न्हाई.”

मयंक पुढे झाला. मावशी, चहा घ्या, सरबत घ्या, असं काहीतरी बडबडू लागला. भाभींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी चादर बाजूला केली. कडूबाईंनी तोंडावर पदर धरला.

“कडूबाई, मी खोटं बोलले,” भाभी म्हणाल्या. “बोलले तेव्हा गोळ्या चालू होत्या. मंग सोडल्या, तर हे झालं. तुम्ही आजच डॉक्टरला दाखवा. बिलकुल थांबू नका.” मग त्या मोनिकाकडे वळल्या. “तुझा मोबाइल काढ बेटा. मी परत बोलते. पाय पण घे.”

मोनिकाने पिशवीतून मोबाइल काढला. तेवढ्यात मयंकने मध्ये हात घातला आणि म्हणाला, “मम्मी, असा पेशंटचा व्हिडिओ काढत नसतात. परवानगी लागते, प्रायव्हसी असते.”

इतकी वर्षं दवाखान्याच्या दारात बायका अडवणाऱ्या माणसाला परवानगी हा शब्द ठाऊक होता तर! माझा हात शिवशिवला. पण भाभींचा आवाज चढला नाही. “मी पेशंट. माझी परवानगी आहे. तू खाली जा, पप्पांना बस्ता बांधू लाग.”

तो गेला. खरंच खाली गेला, आणि दुकानात साड्यांच्या घड्या मोडत बसला.

मोनिकाने मोबाइल धरला. चित्र हलत होतं आणि मध्येच अर्पिताच्या कुकरची शिट्टी झाली. भाभी अडखळत, पण सगळं बोलल्या. गोळ्या कधी सोडल्या, का सोडल्या, पायाचं काय झालं, सेंटरमध्ये आपण कधी गेलोच नव्हतो, आणि ते वाक्य आपल्या मुलाने, मयंकने लिहून दिलं होतं. सांगून झाल्यावर मोनिकाने भीतभीत विचारलं, हे मी सगळ्यांना पाठवते, पण मयंकभैयाचं नाव आलंय, तेवढं काढून पुन्हा घेऊ का?

भाभींनी चादर पुन्हा पायांवर ओढली.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “नाव न्हाई घेतलं तर लोकांना वाटेल, कुणी परक्यानं केलं.”