समुद्रातली विहीर

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. आमच्या शोभाचं ते मी करू शकले नाही, कारण त्या उन्हाळ्यात आमच्या माणदेशातल्या घरची विहीर पार आटली. टँकरच्या पाण्यावर बाळंतिणीला काय न्हाऊ घालणार? म्हणून ती सासरीच बाळंत झाली, अंधेरीच्या पश्चिमेला, समुद्राकाठच्या कोळीवाड्यात. पोरीनं कोळ्याच्या मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा मी अबोला धरला होता. जावई म्हणाले, "आमच्या मागच्या दारी विहीर आहे," आणि मी निवळले. पाण्याचं नाव काढलं की आमच्याकडची माणसं विरघळतात.

सव्वा महिन्यानं बाळंतीण विहीर पूजते, म्हणून खण, नारळ आणि घुगऱ्यांचे हरभरे बांधून मी एसटीत बसले. अंधेरीला जावई घ्यायला आले होते. तिथून बसनं कोळीवाडा गाठेपर्यंत वाळत घातलेल्या बोंबलांचा वास नाकात असा बसला की मी पदर सोडलाच नाही. दारात विहीणबाई भाकरीतुकडा घेऊन उभ्या होत्या. नात माझ्या ओंजळीत दिली आणि मी वास-बीस सगळं विसरले.

तांदळाची भाकरी नि वालाचं बिरडं जेवून झाल्यावर मी म्हटलं, चला, विहीर दाखवा. विहीणबाई म्हणाल्या, ओहोटी लागू दे. मला काही कळेना. विहिरीला भरती-ओहोटी कशाला बघायची? मी मागचं दार उघडलं आणि तिथेच थबकले. अंगण नव्हतंच. चार पायऱ्या, आणि खालच्या पायरीवर लाट आपटत होती.

दुपार कलली तसं पाणी मागे सरलं आणि लाटांतून एक गोल कठडा वर आला. शेवाळलेला, कालवं चिकटलेला. "हीच आमची बाव," विहिरीकडे बोट करत विहीणबाई म्हणाल्या. अगं बाई! मी जन्मभर कोरड्या विहिरी बघितल्या, पण बुडलेली विहीर कधी बघितली नव्हती. ओल्या वाळूत माझी एक चप्पल रुतली ती निघालीच नाही. अनवाणीच गेले. शोभानं हळदकुंकू वाहिलं, पाच खडे पुजले, ओटी भरली आणि कळशी भरून घेतली. लगेच विहीणबाईंनी ती कळशी तिच्या हातातून घेतली आणि वाळूत पालथी करायला लागल्या.

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे हात धुतलेलं पाणीसुद्धा झाडाला जातं, आणि ह्या पूजेचं पाणी ओततात? मी विहीणबाईंना नाही नाही ते बोलले, कळशी हिसकावली आणि तोंडाला लावली.

खारट. मिठागरातलं असावं तसं. घोट घशाखाली उतरेना, बाहेरही टाकवेना.

विहीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "माझ्या लग्नात याच बावीच्या पाण्यानं मला न्हाऊ घातलं," त्या म्हणाल्या. "तवा इथून दर्या दिसत पण नव्हता. मधे माडांची वाडी होती, दिराचं घर होतं." मी बघितलं. नुसतं पाणी होतं.

किनाऱ्यावर कॉलेजातल्या एक बाई काठ्या रोवून मोजमाप घेत होत्या. दर महिन्याला येतात म्हणे. मी त्यांना विचारलं, हे कशानं झालं? त्या म्हणाल्या, इथली वाळू बांधकामांना उपसून नेतात, ते एक कारण. शिवाय धुरानं सगळ्या पृथ्वीचीच हवा तापते आहे, त्यामुळे समुद्र चढतो आहे असं शास्त्रज्ञ म्हणतात. त्याचा इथे किती वाटा, ते अजून कळत नाही. मी म्हटलं, मग आमचा पाऊस? त्यावर त्या खरं तेच बोलल्या, की ठाऊक नाही. मला खोटा धीर दिला असता तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नातीचा पाळणा मागच्या भिंतीला लागून होता आणि भरतीचं पाणी त्याच भिंतीवर धडकत होतं. सकाळी शोभाला म्हटलं, "बाळाला घे आणि चल माझ्यासंगं."

तिनं पाळण्याची दोरी सोडली नाही. "तिथं पाणी कुठाय, आई?"

मी पाळणा उचलून पुढच्या खोलीत बांधायला लावला, तेवढंच माझ्या हातात होतं. विहीणबाईंनी त्यांची चप्पल मला दिली आणि मी एकटीच परतले.

गावात पोचले तर आमच्या दारापुढे टँकरची रांग होती. शेजारणीनं घागर खाली ठेवत विचारलं, पूजा झाली का? झाली, म्हटलं. "आणि विहीर कशी आहे गं पोरीची?"

"काठोकाठ भरलीय," मी म्हटलं, आणि भर रांगेत मला रडू फुटलं.