शेतकी कॉलेजच्या नकाशातून रोपवाटिका गेली

मित्रहो, आज मन फार खचलंय, म्हणून लिहितोय.

मी आर्किटेक्ट, ऑफिस राजारामपुरीत. वर्षभर एका शेतकी कॉलेजच्या उद्यानविद्या विभागाची नवी इमारत आखत होतो. प्रत्येक वर्गाचं दार थेट रोपवाटिकेत उघडावं, ही विभागप्रमुख मॅडमची कल्पना.

आज सकाळी संस्थेच्या बैठकीत अध्यक्षांनी नकाशा बघितला. म्हणाले, "व्हय साहेब, माती बघायला पोरं कॉलेजात कशाला येतील? घरी हायच की! म्होरं काच लावा, आत एसी हॉल करा."

"आणि रोपवाटिका?" मॅडमनी विचारलं.

"तिथं पार्किंग. गाड्या काय डोक्यावर घ्यायच्या?"

सगळे हसले. मी भांडलो, मॅडमही भांडल्या. पण चहा येईपर्यंत सगळं ठरून गेलं होतं.

बाहेर आल्यावर मॅडम रोपवाटिकेतल्या आंब्यांपाशी थांबल्या. दरवर्षी याच झाडांच्या काड्या घेऊन मुलं कलम बांधायला शिकतात.

मी म्हणालो, "तोडायच्या आधी कलमं तरी करून ठेवूया."

"ठेवायची कुठं?" एवढंच म्हणाल्या आणि तासावर गेल्या.

संध्याकाळी मी रोपवाटिका पुसून तिथं गाड्यांचे चौकोन आखले. काम सोडलं असतं, तर दुसऱ्या कुणीतरी आखलेच असते.

खरं सांगा, तुम्ही काम सोडलं असतं?